टी-बॉलमधून बेसबॉलमध्ये जाताना: पालकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत वाढणारी कितीतरी मराठी मुलं चार-पाच वर्षांची झाली की गावातल्या लीगमध्ये टी-बॉल खेळायला लागतात. तिथवर सगळं सोपं असतं. उभ्या दांड्यावर (त्यालाच ‘टी’ म्हणतात) बॉल ठेवलेला, आउट झालं तरी कुणी फारसं मोजत नाही. प्रश्न पडतात ते पुढच्या पायरीवर, बॉल समोरून यायला लागतो तेव्हा. आई-वडील स्वतः बेसबॉल खेळलेले नसतील तर जास्तच पडतात. म्हणून ही उत्तरं.

टी-बॉलनंतरचे टप्पे कोणते?

बहुतेक लीगमध्ये क्रम असा असतो: टी-बॉल, मग कोच-पिच (आपल्याच टीमचा कोच बॉल टाकतो), काही ठिकाणी मशीन-पिच, आणि शेवटी किड-पिच, म्हणजे समोरच्या टीमचं मूल बॉल टाकतं. लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची मोठी संस्था; तिच्या चौकटीत टी-बॉल ४ ते ७ वर्षांसाठी, मायनर्स ५ ते ११ आणि मेजर्स ९ ते १२ वर्षांसाठी आहे. कोच-पिच, मशीन-पिच आणि सुरुवातीचं किड-पिच हे सगळं मायनर्समध्येच येतं. वयोगट मुद्दाम एकमेकांवर चढवलेले आहेत. सहा वर्षांचं मूल टी-बॉलमध्येही बसतं आणि कोच-पिचमध्येही. नेमकी रेघ तुमची स्थानिक लीग ठरवते.

वय मोजण्याची पद्धत वेगळी आहे, ती समजून घ्या. बेसबॉलसाठी त्या वर्षाच्या ३१ ऑगस्टला मुलाचं जे वय असेल, ते त्याचं ‘लीग एज’. २० ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं मूल २०२६ च्या वसंतात सात वर्षांचं असलं, तरी लीगच्या हिशेबात ते आठ वर्षांचं. ५ सप्टेंबर २०१८ चं मूल मात्र सातच. दोघं शाळेत एकाच वर्गात असतील आणि मैदानावर वेगवेगळ्या गटांत जातील, तर गोंधळून जाऊ नका.

मूल तयार आहे हे कसं ओळखायचं?

बहुतेक पालक बॅटिंग बघतात. टीवरून बॉल लांब गेला की त्यांना वाटतं, झालं, आता पुढे जाऊ दे. आमचं मत ठाम आहे: आधी कॅच बघा. बॅटिंग कच्ची असेल तर मूल फार तर बॉल चुकवून आउट (स्ट्राइकआउट) होतं. येणारा बॉल ग्लोव्हने अडवता येत नसेल तर तो तोंडावर बसतो. कोच-पिचमध्ये मुलं जोरात मारायला आणि जोरात फेकायला लागलेली असतात. फर्स्ट बेसवर (बॅटर पळत पहिल्यांदा पोचतो ती जागा) उभ्या असलेल्या मुलाकडे दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी बॉल फेकत असतं.

घराच्या मागच्या अंगणात हे करून बघा. वीस फुटांवर उभे राहा, मऊ बॉल घ्या आणि छातीच्या उंचीवर, खांद्यावरून हलक्या हाताने दहा वेळा फेका. सहा-सात पकडले तर उत्तम. पण आकड्यापेक्षा चेहरा बघा. मूल शेवटपर्यंत बॉलकडे बघतं का? सुटलेल्या बॉललाही ग्लोव्ह आडवा आला का? मान वळवून, डोळे मिटून, हात लांब करून पकडलेले दहाच्या दहा बॉलही पुरेसे नाहीत.

मग फेकणं. तीस-पस्तीस फुटांवरच्या माणसापर्यंत टप्पा न पडता बॉल पोचावा, आणि त्या माणसाला जागेवरून एक-दोन पावलांपेक्षा जास्त हलावं लागू नये. बॅटिंगमध्ये टीवरून दहापैकी सात-आठ वेळा आधी बॉलला बॅट लागली पाहिजे, टीच्या रबराला नाही. खेळाची समज म्हणजे बॉल मारल्यावर न सांगता फर्स्टकडे पळणं, आणि फिल्डिंग करताना बॉल हातात आल्यावर तो कुठे फेकायचा हे निदान अर्ध्या वेळा तरी कळणं.

शेवटची गोष्ट: त्याला स्वतःला जायचंय का. मित्र गेलेत म्हणून जायचं असेल तरी हरकत नाही, ते खरंच कारण आहे. पण तुम्हालाच घाई असेल तर थांबा.

वय झालं, पण या गोष्टी अजून जमत नाहीत. एक वर्ष मागे ठेवू का?

लीगच्या वयाच्या नियमात बसत असेल तर खुशाल ठेवा. सहाव्या वर्षी केलेली घाई मुलं नवव्या वर्षी खेळ सोडून फेडतात. मात्र उलटी चूकही होते. सगळं जमणारं मूल पुन्हा टी-बॉलमध्ये राहिलं की इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानात) बसून माती उकरायला लागतं. तुमचं मूल माती उकरत असेल तर ते दमलंय, कंटाळलंय की त्याच्याकडे बॉलच येत नाही, हे कोचला विचारा.

टीवरून झकास मारतो, पण टाकलेला बॉल लागतच नाही. असं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा कारण टीवरच सापडतं. टीचा दांडा प्लेटच्या (बॅटरपुढच्या पाटीच्या) आकाराच्या रबरी बैठकीच्या मधोमध असतो. मुलं त्या बैठकीच्या बरोबर बाजूला उभी राहतात, त्यामुळे बॉल त्यांच्या पोटासमोर येतो. वर्षभर तिथेच मारायची सवय लागते. खऱ्या बॉलला बॅट लागायची जागा पोटासमोर नसते, ती पुढच्या पायाच्या रेषेत असते. पोटासमोर येईपर्यंत थांबलेल्या मुलाचा स्विंग दर वेळी उशिरा होतो.

उपाय सोपा आहे. मुलाला एक पाऊल मागे, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरच्या बाजूला सरकवा. स्विंगमध्ये पाऊल टाकल्यावर पुढच्या पायाचा अंगठा आणि टीचा दांडा एका रेषेत आले पाहिजेत. उंची कमरेएवढी ठेवा. रबराला बॅट लागत असेल तर मागचा खांदा खाली पडतोय का ते बघा. तो पडत असेल तर टी आणखी खाली करू नका, उलट छातीच्या जरा खाली आणा. उंच बॉलला खांदा पाडून मारताच येत नाही, त्यामुळे सवय आपोआप सुटते.

दुसरं कारण वेळ साधण्याचं. स्थिर बॉलला मुलाच्या सवडीने मारता येतं, हलत्या बॉलला ती सवड नसते. म्हणून टीवरून थेट कोच-पिचवर उडी न मारता मधे दोन पायऱ्या घ्या. आधी सॉफ्ट टॉस: मुलाच्या तिरकस समोर, सात-आठ फुटांवर गुडघ्यावर बसा आणि हात खालून फिरवून बॉल त्याच्या पुढच्या पायासमोर टाका. भोकांचे प्लॅस्टिकचे बॉल घ्या, म्हणजे कुणाला लागत नाही. रोज वीस-पंचवीस पुरेत. नंतर फ्रंट टॉस, समोरून, बारा-पंधरा फुटांवरून. इथेही प्लॅस्टिकचेच बॉल. कडक बॉलने हे करायचं तर तुमच्यासमोर जाळीची चौकट हवीच.

मग समोरून खांद्यावरचा थ्रो. इथे मोठी माणसं मायेपोटी एक चूक करतात. बॉल उंच उडवून हळूच टाकतात. असा बॉल वरून खाली उतरतो, आणि बॅटचा मार्ग त्याला जेमतेम एका जागी छेदतो. मोठ्यांनाही तो मारायला कठीण जातो. एका गुडघ्यावर बसा, म्हणजे हात मुलाच्या खांद्याच्या उंचीवर येतो. अंतर पंधरा-वीस फुटांवर आणा आणि सरळ, सपाट, जरा जोरात फेका. दर वेळी एकाच वेगाने, एकाच हालचालीने. हात मागे जाताना मुलाला दिसला पाहिजे, कारण त्यावरून ते आपलं पाऊल उचलायला शिकतं.

हाक ‘आता!’ अशी देऊ नका. मूल बॉलऐवजी तुमच्या आवाजाची वाट बघायला लागतं.

बॉलची भीती वाटते, मागे सरकतो. काय करावं?

भीती वाटणं रास्त आहे, बॉल लागला की दुखतं. ‘घाबरतोस काय’ म्हणून काही होत नाही. बॉल अंगावर आला तर काय करायचं हे शरीराला शिकवावं लागतं.

टेनिस बॉल घ्या, हेल्मेट घाला, बॅट हातात द्या. दहा-बारा फुटांवरून हलकेच, मुद्दाम अंगावर टाका, आधी सांगून. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने डावा खांदा कॅचरच्या दिशेने आत वळवायचा, हनुवटी छातीला लावायची, बॅट खाली घ्यायची आणि पाठ पिचरकडे करायची. बॉल पाठीवर किंवा कुल्ल्यावर बसतो. न शिकवलेलं मूल नेमकं उलट करतं: छाती पिचरकडे उघडतं आणि हात पुढे करतं. तिथेच बोटं आणि बरगड्या सापडतात. चार-पाच दिवस रोज दहा वेळा केलं की ते अंगवळणी पडतं, आणि गंमत म्हणजे मुलांना हा सराव आवडतो.

पाऊल बाहेर, थर्ड बेसकडे पडत असेल तर जमिनीवर खडूने पिचरच्या दिशेने रेघ आखा आणि पुढचा पाय त्या रेघेवर पडू द्या. मागे बॅट किंवा खोकं आडवं ठेवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. मूल अडखळून पडतं.

आणि बॉल बदला. दिसायला सारखे असले तरी लहान मुलांचे मऊ बॉल वेगवेगळ्या पातळ्यांचे येतात. लेव्हल १ सगळ्यात मऊ, टी-बॉलचा. लेव्हल ५ त्याच्या वरचा. घरी सरावाला पहिल्याच दिवशी कडक लेदर बॉल आणला की महिनाभराची मेहनत एका फटक्यात जाते.

घरी क्रिकेटही खेळतो. दोन्हींचा गोंधळ होईल का?

फारसा नाही. फायदाच जास्त आहे: बॉलवर नजर आणि हात-डोळ्यांचा मेळ आधीच असतो. हातांची जागाही बदलत नाही, उजव्या मुलाचा डावा हात दोन्ही खेळांत बॅटच्या मुठीच्या टोकाकडेच. मात्र काही सवयी मुद्दाम सोडवाव्या लागतात.

बॉल फटकावल्यावर बॅट घेऊन पळायचं नाही, ती टाकायची. भिरकवायची तर अजिबात नाही. मागे कॅचर बसलेला असतो, आणि सुटलेल्या बॅटने गंभीर इजा होते. मारून थांबून बघायचीही सवय घालवा. बॉल फेअर (फर्स्ट आणि थर्ड बेसच्या रेघांच्या आत) असेल तर पळणं सक्तीचं आहे. मागे कट केलेला बॉल इथे फाउल.

फिल्डिंगमध्ये क्रिकेटवाली मुलं गुडघा टेकवून आडवं होतात. इथे पाय खांद्यांपेक्षा रुंद, कुल्ले खाली, ग्लोव्ह उघडा आणि जमिनीला टेकलेला, दुसरा हात त्याच्या वर झाकणासारखा. गुडघा टेकला की उठून फर्स्टला फेकेपर्यंत रनर पोचलेला असतो. कॅचमध्ये कमरेच्या वर आलेल्या बॉलला ग्लोव्हची बोटं वर, कमरेखालच्याला बोटं खाली. दोन्ही हातांची ओंजळ करून पकडायला गेलं की बॉल ग्लोव्हच्या टाचेवर आपटून उडतो.

एक नियम सगळ्यांना चकवतो. पुढचा बॅट्समन पॅड बांधून बाहेर हवेत बॅट फिरवतो, तसं लिटल लीगच्या टी-बॉल, मायनर्स आणि मेजर्समध्ये चालत नाही. हाफ-इनिंगचा (एका टीमच्या बॅटिंगच्या पाळीचा) पहिला बॅटर सोडला तर आपली पाळी येईपर्यंत कुणी बॅट हातात धरायची नाही.

टी-बॉलची बॅट चालेल का?

नाही. बॅटवरचा शिक्का वाचा. टी-बॉलच्या बॅटवर ‘फक्त मान्यताप्राप्त टी-बॉलसोबत वापरावी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते. तिच्या भिंती पातळ असतात, कडक बॉल लागला की पोचा पडतो किंवा चीर जाते. २०१८ पासून लिटल लीगमध्ये यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते, लाकडी एकसंध बॅटही चालते. दुकानात यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेच्या शिक्क्याच्याही बॅटी शेजारीच टांगलेल्या असतात. त्या लिटल लीगला चालत नाहीत, आणि महाग बॅट घेऊन आल्यावर हे कळतं.

लांबीतून वजन वजा करून ‘ड्रॉप’ काढतात. २६ इंच लांब आणि १६ औंस वजनाची बॅट म्हणजे ड्रॉप १०. सहा-सात वर्षांच्या मुलाला साधारण २५-२६ इंच, आठ-नऊला २७-२८. एका हाताने बॅट खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला सांगा. वीस सेकंदांच्या आत टोक खाली झुकलं तर जड आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठी घेणं शाळेच्या बुटांना ठीक, बॅटला नाही. जड बॅटने खांदा पडतो, आणि वर सांगितलेलं सगळं बिघडतं.

आणि ग्लोव्ह?

ग्लोव्ह फेकायच्या हाताच्या विरुद्ध हातात. डावखुऱ्या मुलाला उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागतो. तो दुकानात कमी असतो, पण मिळतो. डावखुऱ्याला उजवा करायला जाऊ नका. फेकतो उजव्याने पण बॅट डावीकडून धरतो, असंही मूल असतं, तेही राहू द्या.

टी-बॉलला ९-१० इंची, कोच-पिचला १० ते ११ इंची पुरतो. कसोटी एकच: मुलाला तो एका हाताने मिटता आला पाहिजे. मिटत नसेल तर कितीही चांगला असो, बॉल आपटून बाहेर येणार. नवा ग्लोव्ह मऊ करायचा तर रोज दहा मिनिटं कॅच खेळा आणि रात्री आत बॉल ठेवून रबराने बांधा. मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनमध्ये घालू नका, कातडं आणि दोऱ्या दोन्ही कडक होतात.

बाकी सामान?

नॉक्सीचा (NOCSAE, खेळाच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) शिक्का असलेलं हेल्मेट, शक्यतो तोंडापुढे जाळीचं. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या खिळ्यांचे क्लीट्स, या वयात धातूचे चालत नाहीत. मुलग्यांना सपोर्टर, आणि कॅचर होणाऱ्याला कप (आतलं कडक संरक्षक) सक्तीचा. कॅचरचं सामान बहुधा लीग देते. चष्मा असेल तर पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा करून घ्या.

नियमांत काय बदलतं?

कोच-पिचमध्ये बहुतेक ठिकाणी ठरावीक बॉल मिळतात, पाच-सहा, आणि वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट फर्स्ट बेस) नसतो. काही लीग शेवटी टी परत आणतात. हे सगळं स्थानिक असतं, त्यामुळे नियमपुस्तक मागून घ्या.

मुलांना समजवायला सगळ्यात कठीण जातो तो फोर्स आणि टॅगमधला फरक. मागून दुसरा रनर येतोय म्हणून पळावंच लागतंय, तर बेसवर बॉल पोचला की आउट. मागे कुणी नसेल तर बॉल अंगाला लावावा लागतो. जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडून आणि शेंगदाणे फिरवून हे दहा मिनिटांत समजतं, मैदानावर ओरडून समजत नाही. दुसरं, फर्स्ट बेसवर थांबायचं नाही, त्यावरून पुढे पळत जायचं. सेकंड आणि थर्डवर मात्र थांबायचं. तिसरं, मेजर्सपर्यंत पिचरचा बॉल बॅटरपर्यंत पोचेस्तोवर रनरने बेस सोडायचा नाही.

किड-पिचचा पहिला हंगाम कसा असतो?

संथ. आठ-नऊ वर्षांच्या पिचरला प्लेट सापडत नाही, ती अवघी १७ इंच रुंद असते. वॉकवर वॉक होतात, बॉल अंगावर येतात, आणि कोच-पिचमध्ये रोज हिट मारणारं मूल चार गेममध्ये एकही मारत नाही. आधीच सांगून ठेवा. स्ट्राइक झोन, म्हणजे बॉल मारण्याजोगा मानला जातो तो पट्टा, काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. घरी बॅट न फिरवता नुसतं उभं राहून प्रत्येक बॉलला ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचा खेळ खेळा. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस बॉल केले तरी फरक दिसतो. वॉक घेणं म्हणजे भित्रेपणा नाही, हे बाबांनीही बाकावरून लक्षात ठेवावं.

त्याला पिचर व्हायचंय. हाताला जपायचं कसं?

लिटल लीगमध्ये दिवसाची मर्यादा अशी आहे: ७-८ वर्षांना ५० पिच (टाकलेले बॉल), ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५. त्यानंतरची विश्रांती पिचच्या संख्येवर ठरते. २० पर्यंत असेल तर विश्रांतीची सक्ती नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि पुढे चार. ज्याने ४१ किंवा जास्त पिच टाकले, त्याने त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही.

लीगचा हिशेब लीगपुरताच असतो. मूल दुसऱ्या ट्रॅव्हल टीममध्येही खेळत असेल तर बेरीज तुम्हालाच ठेवावी लागते, आणि बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. कर्व्ह बॉल या वयात नको. वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मूल म्हणालं तर त्या दिवशीचं फेकणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बर्फ लावून पुढच्या गेमला उभं करू नका.

मुलगी आहे. बेसबॉल की सॉफ्टबॉल?

तिला जे आवडेल ते. लिटल लीगमध्ये १९७४ पासून मुली बेसबॉल खेळतात. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये शटआउट (समोरच्या टीमला एकही रन न देता पूर्ण गेम) टाकला, असं करणारी ती पहिली मुलगी. सॉफ्टबॉलमध्ये बॉल मोठा आणि पिचिंग खालून असतं. कोच-पिचपर्यंत तयारी सारखीच, त्यामुळे आठ वर्षांपर्यंत निर्णय लांबवला तरी काही बिघडत नाही.

मी कधी बेसबॉल खेळलेलो नाही. कोचला मदत करू शकतो का?

हो, आणि करा. या वयात कोचला तंत्र जाणणाऱ्यापेक्षा हातांची गरज जास्त असते: बॅटिंगचा क्रम सांभाळणं, हेल्मेट घालून देणं, ग्राउंडर घरंगळत टाकणं. लिटल लीगमध्ये स्वयंसेवकाची पार्श्वभूमी-तपासणी दर वर्षी होते, त्यामुळे फॉर्म वेळेत भरा. विजा चमकल्या तर शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर कुणी जायचं नाही, हे लक्षात ठेवणारा एक जरी पालक असला तरी मोठी मदत.

भारतातून आजी-आजोबा आलेत. त्यांना काय सांगू?

तीन स्ट्राइकला आउट, चार ‘बॉल’ला (स्ट्राइक झोनच्या बाहेरचे, न मारलेले) फुकट फर्स्ट बेस, दोन रेघांच्या बाहेर गेलेला फाउल, तीन आउटला बाजू बदलते. एवढ्यावर त्यांचं काम भागतं. टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची मात्र आठवणीने न्या, बाकावर दीड तास त्यांच्या पाठीला झेपत नाही.

रजिस्ट्रेशन कधी करायचं?

ईशान्येकडच्या राज्यांत वसंताच्या हंगामाची नोंदणी बहुधा थंडीतच उघडते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चाचणी होते. चाचणीत कुणाला नापास करत नाहीत, टीम सारख्या वाटण्यासाठी ती असते. फॉर्मवर वरच्या किंवा खालच्या गटाची विनंती लिहायची जागा असते. तिथे कारण एका ओळीत लिहा: ‘कॅच अजून पक्का नाही’ किंवा ‘मागच्या वर्षी कोच-पिच पूर्ण केलं’. शंका असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फॉल बॉलमध्ये वरचा गट खेळून बघा. तिथे बऱ्याच लीग गुणतक्ता ठेवत नाहीत, आणि न जमल्यास वसंतात परत खालच्या गटात जाता येतं का, ते नोंदणीआधीच विचारून घ्या.